कागोलाच्या लेकी

"कागद खराब आहेत, फानुएल."

"कागद चांगले आहेत."

"विमानात तापले असतील. नैरोबीला कुणीतरी खोकं उन्हात टाकून चहाला गेलं असेल. औषध उडून गेलं, राहिला नुसता कागद. त्यानं डास काय, झुरळसुद्धा मरायचं नाही."

"हेच तुम्ही मागच्या आठवड्यात म्हणालात आणि मी मान डोलावली. सगळ्या देशांना कळवून मोकळा झालो, की हे कागद वापरू नका. घानानं काम थांबवलं. टांझानियानं थांबवलं. तिकडे पावसाळा सरत आलाय, रानातले डास पकडून ठेवलेत आणि माणसं हात बांधून बसलीत. का? तर किसुमूच्या सिप्रोझाबाई म्हणतात, कागद खराब!"

"मग बसू देत की. बसल्यानं कुणाचे पाय मोडत नाहीत."

"न्यार कागोला, थट्टा नको. हे बघा." फानुएलनं नळी तिच्या नाकासमोर धरली. "हे काय आहे?"

नळीच्या आत औषध लावलेल्या कागदाची गुंडाळी होती आणि तिच्यावर पाच-सहा डास बसले होते. डोकं खाली, शेपूट वर, जेवून ओट्यावर टेकलेल्या पाहुण्यांसारखे निवांत. बाकीचे सगळे तळाशी पाय वर करून पडले होते. पडायलाच हवे होते.

"मरतील. जरा वेळ दे त्यांना."

"कालपासून वेळच देतोय."

सिप्रोझानं पदर खोचावा तसा कमरेचा लेसो, म्हणजे गुंडाळलेलं सुती कापड, घट्ट आवळला आणि खालच्या मांडणीवरच्या ट्रेमधल्या अळ्यांना खाणं टाकायला ती वाकली. वाकलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, हे तिला बरं वाटलं.

सिप्रोझा आपोंडी या डासघराची मालकीण नव्हती, पण सगळे तिला तसंच मानायचे. सरोवराच्या काठी असलेल्या त्या संशोधन केंद्रातली ही शेवटची खोली. उबदार, दमट, पावसाआधीच्या दुपारसारखी. आत जायला दोन दारं. पहिल्या दाराशी बाहेरची चप्पल काढायची, दुसऱ्या दाराशी आतली पांढरी सपात घालायची. पांढरी सपात उंबरठ्याबाहेर जायची नाही आणि बाहेरची चप्पल आत यायची नाही. मोठमोठे पाहुणे आले, मंत्र्यांचे सचिव आले, तिनं सगळ्यांना तिथं वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लावल्या होत्या. "साहेब, तुमच्या बुटाला काय लागलंय ते तुम्हाला ठाऊक नाही, माझ्या पोरींना कळतं," असं ती म्हणायची.

पोरी म्हणजे पिंजऱ्यातले डास. त्यांचं नाव होतं कागोला.

लुओ लोकांच्या मुलखात सासरी आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावानं हाक मारतात. न्यार कागोला, म्हणजे कागोलाची लेक. नवरा मेला, मुलं मोठी झाली, कंबर भरली, केस पांढरे झाले, तरी ती हाक काही सुटत नाही. आणि या डासांनाही तसंच नाव पडलं होतं, कारण त्यांच्या पहिल्या आज्या सिप्रोझाच्याच माहेरच्या झोपड्यांच्या भिंतींवरून उचललेल्या. ती तेव्हा लहान होती. सकाळी सकाळी टोप्या घातलेली माणसं आली, तोंडात रबरी नळी धरून भिंतीवरचे डास एकेक करून काचेत ओढू लागली. तिची आई अंगणात मक्याच्या पिठाचं कुओन ढवळता ढवळता हसून हसून बेजार झाली होती. "डासच नेताय होय? ढेकूणही न्या! सासूबाईंना विचारते, त्यांचा एक दातही देतील!"

पुढं काही वर्षांनी सिप्रोझाचं लग्न सेमेमध्ये झालं. घराबाहेर पडलेल्या त्या डासांना आणि तिला पुन्हा भेटवलं ते या नोकरीनं. पहिल्या दिवशी पिंजऱ्यावरची चिठ्ठी वाचून ती जी हसत सुटली, ती थांबेचना. "अगं बायांनो, तुम्ही इथं होय!"

सासरी नणंदेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाकीच्या बायका कोंबड्या पाळतात. आमची वहिनी डास पाळते. तुझ्या भावाला तापानं खाल्लं ते याच डासांनी ना? त्यांनाच साखरपाणी पाजतेस?"

खरं होतं ते. तिचा धाकटा भाऊ ओकेच रांगायला लागण्याआधीच हिवतापानं गेला होता. आईनं त्याला केळीच्या बनाशी पुरला. सिप्रोझानं नणंदेला एवढंच सांगितलं, "तेव्हा त्यांना कुणी मारलं नाही, वन्सं. आता मारायचं कसं, ते मरता मरता याच शिकवतात."

कारण कागोलाचं काम मरण्याचं होतं. औषधाच्या मच्छरदाण्या आणि फवारे येण्याआधीच त्या गावातून निघाल्या होत्या, म्हणून औषधाची ओळखच त्यांच्या अंगात नव्हती. औषध लागलं की पडायच्या. कुठल्याही देशात आधी कागोला नळीत सोडायची. ती मेली, तर औषध चांगलं. मग त्याच औषधात रानातले डास सोडायचे. ते जगले, तर समजायचं की त्यांनी औषध पचवलंय, आणि त्या भागात मच्छरदाण्यांवरचं औषध बदलायला हवं. आता सगळे देश एकमेकांना आपापले निकाल कळवायचे, आणि सगळ्यांची तुलना जुळायची ती सगळ्यांकडे एकच कागोला होती म्हणून.

अंडी ओल्या कागदावर घालून सिप्रोझानंच ती देशोदेशी पाठवली होती. पूर्वी डासांना रक्त पाजायला ती पिंजऱ्यात स्वतःचा हात घालायची. पुढं त्याला बंदी आली, कत्तलखान्यातून गाईचं रक्त यायला लागलं. पण त्याआधीच्या कितीतरी पिढ्या तिच्याच रक्तावर वाढल्या होत्या. बेनिनमधल्या कोतोनूच्या डासघरात ओपोर्त्यून नावाची बाई होती. दोघी कधी भेटल्या नव्हत्या, पण फोनवर आवाज पाठवायच्या. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे उत्तम जमायचं. ओपोर्त्यून म्हणायची, "बहिणी, तुझ्या मुली इकडे सुखात आहेत. जावई जरा लंगडे आहेत, पण मुली सुखात आहेत."

मग सरोवर चढलं.

हळूहळू, महिनोन् महिने, पाणी शेतांत आलं, मग अंगणात, मग घरात. कागोलाची माणसं गाढवांवर कोंबड्या आणि पत्रे लादून वरच्या टेकड्यांकडे निघून गेली. सिप्रोझाचा भाऊ ओदेरो नांदीच्या बाजूला भाड्याच्या जागेत राहायला लागला. तिथं कागोलाचं कुणी नव्हतं. सेमेच्या बाजारात ओमेनाचे बारीक मासे विकणाऱ्या बायकांना मात्र नवा विषय मिळाला. "न्यार कागोला, तुझ्या माहेरी आता मासे राहतात म्हणे! दिवाळं निघालं की काय, भाडेकरू ठेवलेत!" सगळ्या हसायच्या. ती पण हसायची. माप भरून मासे घ्यायची आणि घरी येऊन ते साफ करता करता हात थांबायचा. लोक अजून तिला त्याच नावानं हाक मारत होते, आणि ते नाव आता कुठल्याच वाटेनं कुठं जात नव्हतं.

दोन-तीन महिन्यांपूर्वी तिनं एका कोळ्याची नाव ठरवली. "कुठं जायचं?" त्यानं विचारलं. "घरी," ती म्हणाली. त्यानं वळून पाहिलं आणि वल्हं उचललं.

पाण्यातून आंब्याचा शेंडा तेवढा वर होता. त्यावर बगळे. जलपर्णीच्या हिरव्या गाद्या वल्ह्याला अडकत होत्या. "इथं थांब," ती म्हणाली. "हे अंगण. इथं आई बसायची. तिथं, ते पान हललं ना, तिथं चूल." कोळ्यानं टोपी काढली. सिप्रोझानं बरोबर आणलेली पाण्याची बाटली रिकामी केली आणि त्याच जागी बुडवून भरली. बाटलीत बुडबुडे आले, जणू कुणीतरी तिच्याशी बोलत होतं.

दुसऱ्या दिवशी डासघरात कुणी नसताना तिनं ते पाणी आपल्या जुन्या लेसोतून गाळलं आणि खालच्या मांडणीवरच्या एका ट्रेत ओतलं. लेसो धुऊन धुऊन विरला होता. तिला वाटलं होतं, गाळलं म्हणजे झालं. अळ्यांकडे बघत ती पुटपुटली, "घ्या. घरचं आहे. तुम्ही तर कधी चाखलंच नाही."

पाण्याबरोबर रानटी डासांची अंडी आली असतील, हे तिला कळायला हवं होतं. इतरांना तिनंच वर्षानुवर्षं शिकवलं होतं. पण त्या दिवशी ती डासघरातली बाई नव्हती.

आता फानुएल नळी हलवत म्हणत होता, "यांच्यात रानटी मिसळलेत. जाळी फाटली? दार उघडं राहिलं? कुठून आले?"

"कागद..." ती पुन्हा म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

फानुएलनं खिशातून फोन काढला. "ठीक आहे. कागदांचीच साक्ष घेऊ." त्यानं आवाज मोठा केला. ओपोर्त्यूनचा आवाज खोलीभर झाला, मागं कुठंतरी कोंबडा आरवत होता. "डॉक्टर, त्याच खोक्यातले कागद मी वापरले. माझ्याकडच्या कागोला सगळ्या पडल्या. सगळ्या. दुसऱ्या सकाळीही एक उठली नाही. कागद चांगले आहेत. सिप्रोझाला माझा नमस्कार सांगा, आणि तिला विचारा, ती बरी आहे ना?"

फोन बंद झाला.

"ऐकलंत?"

"तिनं मला नमस्कार सांगितला, तेवढं ऐकलं."

"न्यार कागोला!" फानुएल पहिल्यांदाच ओरडला. तो अलेगोकडचा, आता इथला डॉक्टर असला तरी वयानं तिच्या मुलाएवढा. विद्यार्थी म्हणून आला तेव्हा तिनंच त्याला अळ्या आणि कोष वेगळे करायला शिकवलं होतं. त्यानं आवाज खाली आणला. "तुमच्यावर ओरडायला मला आवडतं का? सगळे पिंजरे फ्रीजरमध्ये घालावे लागतील. एकही ठेवता येणार नाही. ज्या मेल्या नाहीत त्यांची पिल्लं कुठं कुठं आहेत, मला काय कळणार? इथून कुणाला चुकून अंडी गेली, तर तिकडचे निकाल खोटे. तिकडे गावंच्या गावं काम न करणाऱ्या मच्छरदाणीत झोपतील आणि आम्ही इकडे लिहू, सगळं ठीक आहे."

"आणि कागोला?"

"कागोला बेनिनमध्ये आहे. शुद्ध आहे. ओपोर्त्यून पाठवेल."

"ती कागोला कोतोनूची. कोतोनूच्या नळाचं पाणी प्यालेली."

"आणि ही कुठली? या खोलीतली. हिनं तरी कागोला कधी पाहिलंय?"

हे तिला लागलं. फानुएललाही ते कळलं आणि तो खाली बघत राहिला. सिप्रोझा नळीतल्या त्या जिवंत डासांकडे बघू लागली. इतका वेळ तिनं ते टाळलं होतं. आता ती त्यांना ओळखू पाहत होती. पिंजऱ्यातल्या होत्या त्या तिच्या लहानपणीच्या, कोवळ्या, एका फुंकरीनं पडणाऱ्या. आणि या नळीतल्या, शेपूट वर करून बसलेल्या, या आजच्या. बुडालेल्या अंगणातून आलेल्या. वर्षानुवर्षं मच्छरदाण्यांना आणि फवाऱ्यांना तोंड देऊन टणक झालेल्या. खऱ्या कागोलाच्या याच होत्या. मरत नव्हत्या.

तिला ते म्हणायचं होतं. फानुएल, ह्यासुद्धा माझ्याच गावच्या आहेत, असं. त्याऐवजी तिनं नळी त्याच्या हातून घेतली आणि मांडणीवर ठेवली.

दुपारी व्हरांड्यात बसून तिनं ओपोर्त्यूनला आवाज पाठवला. सगळं सांगितलं. बाटली, लेसो, आंब्याचा शेंडा. बोलता बोलता थांबली, पुन्हा बोलली. खूप वेळानं उत्तर आलं. मग ओपोर्त्यून म्हणाली, "बहिणी, मी तुझ्या जागी असते तर मी पण आणलं असतं. पण आता घर धुऊन काढ. मुली मी परत पाठवते. आईच्या घरी पाठवते आहे, बोहल्यावर नाही, म्हणून काही घेऊन येणार नाहीत." आणि ती हसली. सिप्रोझाला पण हसू आलं, डोळे पुसत.

दुसऱ्या दिवशी फानुएल आला तेव्हा ती फ्रीजरचं दार उघडून उभी होती.

"खालच्या मांडणीपासून सुरू कर," ती म्हणाली. "तिथल्या ट्रेत पाणी माझं होतं. माझ्या अंगणातलं, या लेसोतून गाळलेलं."

फानुएलनं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या लेसोकडे. एकेक पिंजरा त्यानं तिच्या हातात दिला आणि तिनं तो आत ठेवला. शेवटच्या पिंजऱ्याला कान लावून ती क्षणभर उभी राहिली. मग तोही ठेवला आणि दार लावलं. ओट्यावर बसून तिनं साखरपाण्याच्या वाट्या धुतल्या. इतक्या घासून धुतल्या, की फानुएल म्हणाला, "भोक पडेल, न्यार कागोला."

"पडू दे."

कोतोनूची अंडी नैरोबीमार्गे आली. बशीएवढ्या ओल्या कागदावर, काळ्या तिळांसारखी, आणि वर ओपोर्त्यूनच्या अक्षरात फक्त 'कागोला'. सिप्रोझानं ती उकळून गार केलेल्या नळाच्या पाण्यात सोडली. दुसऱ्या दिवशी ट्रेत धुळीसारखं काही तरी हलू लागलं. ती त्यावर वाकून बराच वेळ बघत राहिली. फानुएलला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल.

त्याच सकाळी तिच्या भावाचा फोन आला होता. "न्यामेरा, माझ्या बहिणी, पाणी उतरतंय! मी काल जाऊन आलो. घराचा चौथरा दिसतोय. चुलीचे तीन दगड दिसतात, गं! आईच्या चुलीचे. चिखलात, पण जागच्या जागी. रविवारी सगळे जाणार आहोत. तू ये."

ते तीन दगड सकाळपासून तिच्या डोळ्यांपुढे होते.

फानुएल आत आला. सपात बदलली, हात धुतले आणि तिच्याजवळ येऊन उभा राहिला. हातात काही नव्हतं, पण उभं राहण्याची तऱ्हा हातात काहीतरी असल्यासारखी होती.

"काल सगळ्या देशांची बैठक झाली," तो म्हणाला. "मी सांगितलं, बाहेरचं पाणी आलं होतं. कुणी आणलं ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही."

"बरं केलंस."

"पण एक नियम झाला. शुद्ध कागोला जो सांभाळेल, त्यानं रानातल्या पाण्याजवळ जायचं नाही. नदी नाही, भातशेत नाही, सरोवर नाही. पाय ठेवला, तर परत डासघरात यायचं नाही. सगळ्यांनी मान्य केलं."

"ओपोर्त्यूननं पण?"

"तिनंच मांडलं."

सिप्रोझाला राग यायला हवा होता. तिला फक्त तो कोंबडा आठवला, ओपोर्त्यूनच्या आवाजामागे आरवणारा. तिकडे त्या बाईनं स्वतःलाही बांधून घेतलं होतं.

"तुझं गाव टेकडीवर आहे, फानुएल. तुला काय?"

"मला काय ते मला ठाऊक." तो ट्रेकडे बघत बोलत होता. "तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार नाही असं मी म्हणणार नाही. जमेल. हाताखालच्या एलिजाला शिकवलंय तुम्ही. पण मला तुम्ही हव्यात. या इथं हव्यात. ओदेरोचा मलाही फोन आला होता. रविवारी तुमच्यासाठी नावेत जागा ठेवू का, विचारत होता. मला वाटलं, आधी तुमच्याशी बोलावं."

तिनं बोटानं ट्रेची कड पुसली.

"एवढंच म्हणा, की जाणार नाही. फोनवर फोटो मागवून बघा. मी मोठे करून देतो, भिंतीवर लावतो. चुलीचे दगड, अंगण, आंबा, सगळं. पण पाण्यात पाय टाकणार नाही, एवढं सांगा. म्हणजे मी आज दुपारी त्यांना कळवतो की कागोला न्यार कागोलाकडेच आहे." त्याचा आवाज जरा घाबरल्यासारखा झाला. "सांगा ना. जाणार नाही ना?"

सिप्रोझानं ट्रेवर जाळी नीट ओढली, कोपरे दाबून बसवले. धुळीसारख्या त्या कोवळ्या अळ्यांकडे एकदा पाहिलं. मग लेसो कमरेला बांधला, दाराजवळ गेली, आणि पायातली पांढरी सपात न काढता दोन्ही उंबरठे ओलांडून ओल्या गवतातून सरोवराच्या दिशेनं चालू लागली.